दहातले नऊ वाटे

मी एक जुना अटेन्युएटर आहे. मित्रांनो, हे नाव तुम्ही कधी ऐकले नसेल आणि त्यात तुमची काही चूक नाही. माझ्या शेजारून रोज ये-जा करणाऱ्या माणसांनीही ते ऐकलेले नाही. मी करंगळीच्या दोन पेरांएवढा आहे. एका टोकाला खुंटी, दुसऱ्या टोकाला भोक आणि अंगावर दहाचा आकडा. केदारखेड्याच्या ग्रामपंचायतीत संगणकाच्या टेबलामागे भिंतीवर एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात मी बसवलेला आहे. पेटीचे दार बहुधा बंद असते.

काचेच्या केसाएवढ्या बारीक तारेतून प्रकाश पळतो आणि त्याच्याबरोबर तुमचे फोटो, दाखले आणि धडे इकडून तिकडे जातात, हे तुम्हाला शाळेत सांगितले असेल. हा प्रकाश शेवटपर्यंत पोहोचावा म्हणून पुष्कळ माणसे खपतात. तो गरजेपेक्षा जास्त पोहोचला तर काय होते, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. तुमच्या डोळ्यांवर कोणी बॅटरी रोखली आणि पुस्तक वाचायला सांगितले, तर उजेड भरपूर असेल, पण अक्षर दिसणार नाही. लाईनच्या टोकाला बसलेल्या यंत्राचेही तसेच होते. म्हणून त्याच्या आधी मी बसतो. दहा वाटे प्रकाश आला तर नऊ वाटे मी पोटात घालतो आणि एक पुढे सोडतो. मी काही जोडत नाही, काही वाढवत नाही. एवढेच माझे काम.

माझा जन्म एका दूरच्या शहरातल्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात काचेचा एक तुकडा आहे. त्यात धातूचा अंश मुद्दाम मिसळलेला आहे, त्यामुळे तो जरा काळसर असतो. प्रकाश त्यात शिरला की बराचसा तिथेच जिरतो. हातमोजे घातलेल्या एका बाईने मला मीटरला लावून पाहिले, वहीत खूण केली आणि पिशवीत टाकले. तिने माझ्याकडे एकदाच पाहिले. नऊ वाटे पोटात घेताना कसे वाटते, असे कोणी विचारले तर सांगण्यासारखे फार काही नाही. अंग किंचित कोमट होते, इतकेच.

पिशवीतून मी भोकरदनच्या एका टेलिफोन केंद्रात आलो. तिथे राधेश्याम नावाचे इंजिनियर होते. त्यांच्या खोलीत दोन यंत्रे हातभर अंतरावर उभी होती आणि एकाचा प्रकाश दुसऱ्याला सोसत नव्हता. मी येईपर्यंत राधेश्याम साहेब पिवळ्या वायरीचे तीन वेढे एका शिसपेन्सिलीला देऊन वरून चिकटपट्टी लावत. वायर आवळून वाकवली की वाकणातून थोडा प्रकाश गळतो आणि पुढे कमी जातो. केबलचे ड्रम उतरवायला आलेल्या माणसांत राधाकिसन होता. त्याने ती पेन्सिल दारातून पाहिली. साहेब वायरीशी काहीतरी खेळत आहेत, असे त्याला वाटले. त्याने विचारले नाही आणि साहेबांनी सांगितले नाही. पुढच्या आठवड्यात पेन्सिल निघाली आणि तिच्या जागी मी बसलो.

तिथे मी नऊ वर्षे काम केले. कोणी पाहुणा इंजिनियर आला की राधेश्याम साहेब मला बोट लावून म्हणत, “ह्या बोटभर गड्यामुळं दोन मशिना शेजारी नांदून राह्यल्या.” पाहुणा हसे आणि चहा घ्यायला निघून जाई. माझ्या वाट्याला आलेले कौतुक हे एवढेच. पुढे साहेब निवृत्त झाले, नवी यंत्रे आली आणि जुनी खोली रिकामी करायची ठरली. दोन यंत्रे उपटली तेव्हा मी वायरीतून निखळून फरशीवर पडलो. झाडून काढायच्या ढिगाऱ्यातून मला राधाकिसनाने उचलले.

“ते काय हाय?” टेम्पोवाल्याने विचारले.

“साहेबाच्या पेन्सिलीच्या जागी व्हतं. असंल कसला तरी जोड.”

“मंग टाक भंगारात.”

“राहू दे. काय खायला मागून राह्यलंय का?”

त्याने मला सुपारीच्या एका रिकाम्या पत्र्याच्या डबीत टाकले. डबीत दोन स्क्रू, चिकटपट्टीचे रिळ आणि रबरी टोपणे होती. ती डबी त्याच्या पिशवीत असे आणि पिशवी त्याच्या खांद्यावर. चार वर्षे मी तिथे पडून होतो. दुःख झाले असे म्हणता येणार नाही. अंधारात पोटात घालायला काही नसते.

आता राधाकिसनाविषयी सांगतो, कारण पुढची हकिकत त्याची आहे. त्याची वस्ती केदारखेड्यापासून तीन किलोमीटरवर आहे. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे होती. ती वडिलांच्या मागे गेली. तरुणपणी तो विहिरींच्या कामावर सुरुंग लावायला जाई. एकदा माणसे वर यायच्या आत एक सुरुंग उडाला. डावा कान त्याच दिवशी गेला. उजवा कान राहिला, पण त्याची एक खोड आहे. हळू बोललेले त्याला नीट कळते. मोठ्याने बोललेले कानात शिरताना फुटते आणि नुसता खरखराट उरतो. लोकांना वाटते, माणूस बहिरा आहे, म्हणून ते ओरडतात. ओरडले की त्याला कळत नाही. मग ते आणखी ओरडतात. पूर्वी तो “हळू बोला” असे सांगत असे. लोक समजत, हा आपल्यालाच दटावतो आहे. मग त्याने सांगणे सोडले. समोरचा ओरडू लागला की तो मान हलवी आणि आपल्या कामाला लागे.

लाईनच्या कामात त्याला एक बरे वाटे. प्रकाशाला आवाज नसतो. मीटरवर आकडा उमटतो आणि दोन धड कानांच्या माणसाला तो जेवढा दिसतो, तेवढाच राधाकिसनालाही दिसतो. तारेला तार जोडण्यात त्याचा हात तालुक्यात नावाजलेला होता. भोकरदन ते केदारखेडा ही लाईन ठेक्यावर त्याच्याकडे होती. ती गेली तर असे दुसरे काम, जिथे कोणी ओरडत नाही, त्याला मिळणार नव्हते. हे त्याने कोणाला बोलून दाखवले नाही. त्याच्या खांद्यावर चार वर्षे काढली म्हणून मला माहीत आहे.

जुनी तार भोकरदनहून जाफ्राबाद, टेंभुर्णी, राजूर असा वळसा घालून साठेक किलोमीटरवरून केदारखेड्यात येत असे. तेवढ्या वाटेत प्रकाश मंद होई आणि इथल्या यंत्राला सोसेल इतकाच उरे. मार्चमध्ये रस्त्याच्या कडेने नवी, सरळ केबल पडली. वळसा संपला आणि सोळा-सतरा किलोमीटर उरले. भोकरदनला प्रकाश पाठवणारे यंत्र मात्र तेच राहिले. ते साठ किलोमीटरच्या हिशेबानेच जोर लावत होते. याचा विचार कोणी केला नाही.

मीटरवरचे आकडे शून्याच्या खाली मोजतात. शून्यापासून जितके खाली, तितका प्रकाश मंद; दहा खाली गेले की दहातला एक वाटा उरतो. केदारखेड्याच्या यंत्राला उणे आठ ते उणे चोवीस एवढा प्रकाश चालतो. नव्या केबलीवर पहिल्या दिवशी उणे पाच आले. नेट झटके देत चालले. चार एप्रिलला तक्रार गेली आणि राधाकिसन आला. त्याने पेटी उघडली, प्रत्येक टोक पुसले, गावाबाहेरचा एक जोड त्याला किंचित वाकडा वाटला तो तोडून पुन्हा केला. मीटरवर उणे तीन आले. आकडा सुधारला म्हणून त्याला बरे वाटले. नेट पूर्ण बंद पडले.

पंचायतीत संगणकावर वंदना काम करते. ती तिशीची आहे, बोलायला चटकन आणि रागवायलाही चटकन. “काका, आधी निदान रांगत तरी व्हतं!” ती ओरडली. राधाकिसनाला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. भोकरदनच्या टोकाला खोट असेल, असे धरून तो मोटारसायकलवर निघाला. तो गेल्यावर काय झाले, ते मला पुढे कळले: वंदनाने पेटीचे दार आपटून लावले. पिवळ्या वायरीचा एक वेढा बाहेर लोंबत होता, तो दाराच्या कडेत दाबला गेला. वायर चिमटली, थोडा प्रकाश गळला, आकडा उणे नऊवर गेला आणि नेट सुरू झाले. तासाभराने राधाकिसनाचा फोन आला. वंदनाने सांगितले, “आलं, आलं!” तो तेव्हा भोकरदनला टोके पुसत होता. आपण पुसले म्हणून आले, असे त्याने धरले.

बावीस एप्रिलला तो तपासणीसाठी पुन्हा आला. दारात चिमटलेली वायर पाहून त्याला धक्काच बसला. लाईनवरच्या माणसाला अशी वायर पाहवत नाही. काच आहे, आज ना उद्या तुटणार.

“ताई, हा काय जनावराचा कान हाय का पिळून ठेवायला?” तो म्हणाला.

त्याने ती वायर काढून टाकली, नवी घातली, तिचे सैल गोल वेढे करून नीट टांगले. आकडा उणे दोन झाला. नेट गेले. दुसरी तक्रार चढली. तो परत भोकरदनला गेला आणि तिथले दोन जोड नव्याने केले. इकडे वंदनाने आधी इकडेतिकडे पाहिले आणि नवी वायर दारात दाबली. नेट आले. तिला कारण माहीत नव्हते, उपाय माहीत होता. तो सांगितला तर काका पुन्हा बोलणार, म्हणून तिने सांगितला नाही.

जालन्याच्या कार्यालयात सोमेश्वर नावाचे सुपरवायझर होते. त्यांच्या पडद्यावर लाईन कधी गेली, कधी आली, याची वेळ उमटते. ती पाहून त्यांनी फोन केला. राधाकिसन फोन स्पीकरवर, आवाज अगदी बारीक करून ऐकत असे, त्यामुळे ते बोलणे मलाही ऐकू आले.

“काका, मी रेकॉर्ड पाहून राह्यलो. तुम्ही गावात पाय ठेवला की लाईन जाते अन्‌ तुम्ही गावाबाहेर गेले की येते. तुमचीच नजर लागून राह्यली का काय लाईनला?”

“जोड बराबर हायेत, साहेब. उणे दोन येऊन राह्यले. असा आकडा जिल्ह्यात न्हाई कुठं.”

“आकडा घेऊन काय करू? वरून मला विचारून राह्यलेत. आता तिसरी तक्रार आली, तर लाईन दुसऱ्याकडं जाईन. मी आधीच सांगून ठेवून राह्यलो.”

राधाकिसन “बरं” म्हणाला. फोन ठेवून तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला मोटारसायकलवर बसून राहिला. मग त्याने पिशवी उघडली आणि पुसायचे कापड घडी घालून परत ठेवले. एवढेच.

मी तिथेच होतो, मित्रांनो. त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर डबीत पडून होतो. जे हवे होते ते माझ्या पोटात होते. पण मला बोलता येत नाही.

अकरा मेला पंचायतीच्या भिंतींना रंग द्यायला माणूस आला. त्याने पेटीचे दार उघडले, वायर सोडवली, आत रंगाचा हात मारला आणि दार सताड उघडे ठेवून पुढच्या खोलीत गेला. नेट गेले. ग्रामसेवकांनी साडेदहाला रीतसर तक्रार चढवली. ती तिसरी. राधाकिसन अकराला पोहोचला. बाहेर ओट्यावर सात-आठ माणसे दाखल्यांसाठी बसली होती. रंग ओला होता म्हणून वंदनाला दार लावता येत नव्हते.

राधाकिसनाने मीटर लावले. उणे दोन.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “उजेड बिलकुल बराबर हाय.”

“मंग चालून का न्हाई राह्यलं?” वंदना ओरडली. “काका, ती वायर दाबा! दारात दाबा!”

राधाकिसनाने मान हलवली आणि वायरीचे टोक पुन्हा पुसू लागला. ती अजून मोठ्याने ओरडली. ओट्यावरची माणसे आत डोकावू लागली. राधाकिसनाने कापड खाली ठेवले. बऱ्याच वर्षांनी तो ते वाक्य बोलला.

“ओरडू नका, ताई. तुम्ही ओरडल्या की मला न्हाई कळत. हळू बोला, मंग समदं कळतं.”

वंदना खुर्चीवरून उठली. मग टेबलाला वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, “काका, मी दारात वायर दाबून ठेवून राह्यले व्हते. दाबली की नेट चालतं. तुम्ही काढली की जातं.”

“कव्हापासून?”

“पहिल्या खेपेपासून. तुम्ही बोलसान म्हणून न्हाई सांगितलं.”

तो तिला बोलला नाही. त्याने वायरीचा एक वेढा बोटाला आवळून गुंडाळला. यंत्रावरचा लाल दिवा हिरवा झाला. बोट सोडले, लाल झाला. पुन्हा गुंडाळला, हिरवा. तीनदा त्याने असे केले. मग वंदनाच्या टेबलावरची शिसपेन्सिल उचलली आणि तिला वायरीचे तीन वेढे दिले. दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

“साहेब खेळत नव्हते,” तो म्हणाला.

“कोणते साहेब?”

तो यंत्राकडे पाहत होता. “ह्याच्यावर बी समदे ओरडून राह्यले,” तो हळूच म्हणाला. “म्या तर लईच ओरडलो. जितकं चांगलं करून राह्यलो, तितकं जास्त.”

वेढे बांधायला चिकटपट्टी हवी म्हणून त्याने डबी उघडली. पट्टीचे रिळ काढताना मी त्याच्या तळहातावर आलो. त्याने मला उजेडात धरले. दहाचा आकडा पाहिला. साहेबांकडे मी पेन्सिलीच्याच जागी होतो, हे त्याला आठवले असावे, कारण त्याने पेन्सिलीचे वेढे सोडले, माझी दोन्ही टोके पुसली आणि मला वायर आणि यंत्र यांच्या मध्ये बसवले. चार वर्षांनी प्रकाश माझ्यात शिरला. मी कोमट झालो. दिवा हिरवा होता. माझ्यासकट त्याने मीटर लावले, तेव्हा उणे बारा आले.

“काका, आकडा तर पडला,” वंदना खालच्या आवाजातच म्हणाली.

“व्हय. पडला म्हणूनच चालून राह्यलं.”

बाहेरची माणसे आत आली आणि दाखल्यांसाठी रांगेत उभी राहिली. कोणी काही विचारले नाही. वंदनाने त्याच्यासाठी चहा मागवला.

राधाकिसनाने तिथूनच सोमेश्वरांना फोन लावला आणि झालेले सगळे क्रमाने सांगितले.

“उजेड जास्त झाला म्हणून लाईन बंद?” सोमेश्वर हसले. “काका, उद्या म्हणसान, पाणी जास्त झालं म्हणून टाकी कोरडी पडली.”

“खरं हाय, साहेब. तुम्ही येऊन पाहा.”

“चालू झाली ना? बस. पण तक्रार साडेदहालाच चढली. तिसरी हाय. मी वर कळवून बसलो. आता माझ्या हातात न्हाई राह्यलं.”

मोबाईलवर दुरुस्तीचा अर्ज भरायचा होता. बिघाडाची कारणे चार दिली होती: तार तुटली, प्रकाश कमी, वीज नाही, इतर. ‘प्रकाश जास्त’ असे कारण नव्हते. त्याने ‘इतर’वर बोट ठेवले. ‘इतर’च्या पुढे लिहायला जागा नव्हती.

सोळा मेला लाईन रामप्रसाद नावाच्या माणसाकडे गेली. त्याचा ठेका जाफ्राबादकडे होता, चाळिशीचा माणूस, स्वभावाने वाईट नाही. त्या सकाळी राधाकिसन पेटीची किल्ली द्यायला पंचायतीत आला. रामप्रसाद यायचा होता. राधाकिसनाने पेटी उघडली, यादीप्रमाणे सामान तपासले. यंत्र एक, वायरी दोन, वीजजोड एक. यादीत माझे नाव नव्हते. मी कोणाच्या कागदावर कधीच नव्हतो. मी त्याच्या डबीतला होतो.

त्याने दोन बोटांनी मला धरले आणि तसाच उभा राहिला.

तो काय विचार करत होता हे मला कळले, कारण त्याची बोटे एवढा वेळ माझ्यावर कधी थांबली नव्हती. मला काढून डबीत टाकले असते तर लाईन गेली असती. रामप्रसादाने टोके पुसली असती, जोड तोडून पुन्हा केले असते आणि आकडा सुधारला म्हणून खूश होऊन घरी गेला असता. मग चौथी तक्रार, पाचवी तक्रार. शेवटी जालन्याहून राधाकिसनाला फोन आला असता. यात चोरी नव्हती, खोटेपणा नव्हता. स्वतःची वस्तू घेऊन जायची होती.

वंदनाने पाहिले. ती जवळ आली. “काका, ते तुमचं हाय ना? लिस्टीत न्हाई ते.”

“न्हाई लिस्टीत.”

“मंग?”

टेबलासमोर नंदाबाई नावाच्या म्हातारबाई निराधारांच्या पगारासाठी अंगठा लावायला बसल्या होत्या. त्यांना यातले काही माहीत नव्हते. त्यांचा अंगठा ठसे घेणाऱ्या यंत्रापाशी तसाच हवेत होता.

“झालं का रं बाबा तुमचं? लावू का अंगठा?”

राधाकिसन त्यांच्याकडे वळला. “लावा, मावशी,” तो म्हणाला आणि माझ्यावरची बोटे काढून घेतली.

अंगठा उमटला. त्याची खूण माझ्यातून गेली, दहातला एक वाटा होऊन.

मग त्याने चिकटपट्टीचा एक तुकडा कापला, वंदनाकडून पेन मागून त्यावर लिहिले आणि तो माझ्या अंगाभोवती गुंडाळला. ‘काढू नये. उजेड कमी करतो म्हणून चालते.’ खाली नाव लिहायला जागा उरली नव्हती. किल्ली टेबलावर ठेवून तो गेला. रामप्रसाद अर्ध्या तासाने आला.

जूनमध्ये रामप्रसादाने पेटी उघडली. मीटरवर उणे बारा पाहून त्याने तोंड वाकडे केले. “हे काय घुसडलंय मधातच? काढून टाकतो. उजेड दणक्यात येईन.”

वंदना ओरडली नाही. ती उठून त्याच्या शेजारी आली आणि हळू आवाजात म्हणाली, “आधी वाचा.”

त्याने वाचले. दोनदा वाचले असावे. मग मला तसेच ठेवून दार लावले.

राधाकिसन त्यानंतर इथे एकदाच आला, ऑगस्टमध्ये. कानाच्या दाखल्याचा अर्ज भरायला. नंबर लागेपर्यंत तो ओट्यावर बसला. मग आत येऊन टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला. वंदनाने आपली खुर्ची त्याच्या उजव्या बाजूला ओढली आणि एकेक प्रश्न हळू वाचला. नाव. वय. कान कधीपासून. कशाने.

“सध्या काय करता, काका? कामाचा रकाना हाय.”

“भावाच्या शेळ्या राखून राह्यलो. त्या न्हाई ओरडत.”

ती हसली नाही, त्याने ते गमतीत म्हटले असले तरी. “अन्‌ ऐकू किती येतं, म्हणून विचारून राह्यलेत.”

“हळू बोललेलं समदं.”

त्या रकान्यात फक्त आकडा चालत होता. ‘तपासणीनंतर’ असे तिने निवडले. अर्ज माझ्यातून गेला आणि पावती आली. राधाकिसनाने पावतीची घडी केल्याचे ऐकू आले. त्याने पेटीकडे पाहिले की नाही, ते मी सांगू शकत नाही. दार बंद होते.

आता मी इथेच आहे. चिकटपट्टीच्या कडा सुटू लागल्या आहेत आणि शाई फिकी पडत आहे. ती पुरती पुसली गेली की मला ओळखणारे इथे वंदनाशिवाय कोणी उरणार नाही. माझी तक्रार नाही. मी काम करतो आहे, हे कोणाच्या लक्षात न येणे, हेच माझे काम नीट चालल्याचे लक्षण आहे.

तरीही, मित्रांनो, एक मागणे आहे. कुठे मध्येच बसलेली, काही कमी करणारी, बिनकामाची वाटणारी वस्तू दिसली, तर ती उपटण्याआधी कोणी आणि का बसवली, एवढे विचारा. सांगणारा कोणी नसेल, तर चिठ्ठी शोधा. चिठ्ठी फिकी पडली असेल, तर तिच्यावर पुन्हा अक्षरे गिरवा. आणि एखाद्याला तुमचे बोलणे कळत नाही असे वाटले, तर आवाज चढवण्याआधी एकदा त्याच्या जवळ जा आणि हळू बोलून पाहा.